तिसऱ्या हाकेला

भोंगाकाकांचा आवाज कोर्टाच्या सगळ्या मजल्यांवर पोचायचा, पण जेवताना मीठ हवं असलं तर ते मागण्याऐवजी स्वतः उठून आणायचे.

कोर्टात पुकारा करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. खटला निघाला की दाराबाहेर यायचं, ज्याची गरज असेल त्याचं नाव तीनदा पुकारायचं. माणूस आला तर त्याला आत नेऊन "हजर" म्हणायचं, नाही आला तर एकट्यानं आत जाऊन "गैरहजर" म्हणायचं. दुसऱ्याचं नाव असलं की त्यांच्या घशातून असा आवाज निघे की जिन्यावरची कबुतरं उडत. स्वतःचं म्हणून काही बोलायची पाळी आली की मात्र तोच घसा सुईच्या नेढ्याएवढा होई. वकिलांनी थट्टेनं त्यांना भोंगा म्हणायला सुरुवात केली, वय वाढलं तसं त्याला काका चिकटले. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये ते बाहेरच्या बाकावर बसून वाचनालयातलं पुस्तक वाचत. पानात बोट घालून उठत, पुकारत, आणि परत येऊन त्याच ओळीवर बसत.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी भिंतीवर एक पडदा लागला. त्यावर खटल्याचा नंबर उमटतो आणि टिंग असं वाजतं. "माझ्या जागी त्यांनी घंटी नेमली," एवढंच काका म्हणाले, आणि पुस्तकात शिरले.

घरात बोलायचं काम काकूंकडे होतं, आणि त्यांनी ते कधी अंगाबाहेर टाकलं नाही. अलीकडे त्यांना एक नाद लागला होता. श्रीमंत आरोपींवरचे माहितीपट. बंगले, मोटारी, गायब झालेली बायको, हसरे वकील, आणि मागे घूं घूं वाजणारं संगीत. संध्याकाळ झाली की शेजारच्या पहारेकरीणबाई हातात निवडायची भाजी घेऊन यायच्या आणि दोघी सोफ्यावर बसून न्यायदान करायच्या.

"हा बघा, ह्यानंच केलंय," काकू म्हणायच्या.

"अहो वहिनी, अजून नावांच्या पाट्याच पडतायत!"

"पडू देत. घरातला जिना गोल आहे, पाहिलंत? सरळ जिन्याच्या माणसाला असलं सुचत नाही."

"वकील काय गोड हसतो पण!"

"चौथ्या भागात हा वकील बदलेल. सहाव्यात आरोपीच्या छातीत कळ येईल. आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतील, की खटला अजून चालू आहे."

"मग बघायचं कशाला एवढं?" काकांनी एकदा धीर करून विचारलं.

"तुमच्या कोर्टात तरी दुसरं काय व्हायचं? इथे निदान बसायला सोफा आहे."

तो सोफा खुर्चीसम्राटांच्या कारखान्यातला होता. खुर्चीसम्राट ही पदवी त्यांनी स्वतःच जाहिरातीतून घेतलेली. शाळेतली बाकं त्यांची, दवाखान्यातली स्टुलं त्यांची, इतकंच काय, न्यायाधीशांची खुर्चीही त्यांचीच. शहरात कुठेही टेकायचं म्हटलं की त्यांच्यावरच टेकावं लागे. पहारेकरीणबाई मात्र त्या सोफ्यावर बसण्याआधी न चुकता त्याला एक चापट मारत. तेवढाच सूड.

कारण पहारेकरी, म्हणजे त्यांचे यजमान, एके काळी खुर्चीसम्राटांच्या गोदामावर पहाऱ्याला होते. एका तिन्हीसांजेला ते गोदाम जळलं. विम्याचा दावा ताबडतोब दाखल झाला. पहारेकऱ्यांनी पोलिसांना सांगितलं, की आग लागण्याच्या जरा आधी मालक स्वतः मागच्या दारानं डबा घेऊन आत गेले होते आणि रिकाम्या हातानं बाहेर आले होते. मालकांच्या वकिलांनी सांगितलं, की पहारेकरी पेटती काडी हातात धरून झोपी गेला होता. तपास झाला, खुर्चीसम्राटांवर खटला उभा राहिला, पण तो उभा राहिला तो तसाच उभा. आरोप आरोपीच्या तोंडावर वाचून दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आणि आरोपी काही तोंड दाखवायला तयार नाही. प्रत्येक तारखेला दाखला यायचा. कधी पाठ, कधी रक्तदाब, कधी डोळ्यांचं ऑपरेशन. एवढी दुखणी झेलून माणूस वर्षावर्षाला जास्तच टवटवीत दिसतो, असं वर्तमानपत्रातले फोटो बघून काकू म्हणत.

पहारेकऱ्यांचं मात्र नाव काडीपेटी पडलं. पहाऱ्याचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही, म्हणून त्यांनी बागकाम धरलं. प्रत्येक तारखेला ते धुतलेला सदरा घालून कोर्टात यायचे आणि काकांच्या शेजारी बाकावर बसायचे. काका आत-बाहेर करायचे, खुर्चीसम्राटांचं आडनावासकट लांबलचक नाव तीनदा पुकारायचे, आणि एकटेच आत जायचे.

"काय रे, तुझा आवाज पोचत नाही वाटतं बंगल्यापर्यंत?" पहारेकरी विचारायचे.

काका हसायचे, पण ते त्यांना लागायचं. जन्मभरात त्यांनी पुकारलेली माणसं आज ना उद्या आली. आढेवेढे घेत आली, रडत आली, एक तर नवरदेवाच्या पोशाखात आला. हे एकच नाव असं, की ज्याला ओ मिळाली नाही.

पहारेकऱ्यांना फार काही नको होतं. शपथ घेऊन, न्यायाधीशांसमोर त्यांना तीन शब्द बोलायचे होते. "मी जागा होतो." बस्स. आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि तारखा काही संपत नव्हत्या.

अशात काकांना फोन आला. एका तरुण दिग्दर्शिकेचा. ती श्रीमंत आरोपी आणि रेंगाळणारे खटले यांवर माहितीपट करत होती आणि त्यातला एक भाग खुर्चीसम्राटांवर होता. "काका, तुम्ही इतकी वर्षं ते नाव पुकारलंत. तुम्हांला काय वाटायचं, तेवढंच सांगा," ती म्हणाली. काका फोनवर "हं" म्हणाले. ते "नाही" अशा अर्थाचं होतं, पण काकूंनी फोन ओढून घेतला आणि त्याचा "हो" केला.

"अगं, मला जमायचं नाही," काका रडकुंडीला आले. "त्यालाच सांग की बोलायला, ज्याचं दुखणं आहे त्याला."

"मी नाही," पहारेकरी म्हणाले. ते बातमी ऐकून अर्धवट छाटलेलं कुंपण सोडून आले होते. "सरकारी वकिलांनी बजावलंय, साक्ष होईपर्यंत बाहेर कुठे तोंड उघडू नकोस. मी सांगीन ते कोर्टातच सांगीन. पण तू बोल. तू तर बघितलंयस ना, मी एकही तारीख चुकवली नाही. चोर असता तर आला असता का रे असा? एवढंच सांग."

"सांगतो," काका म्हणाले.

मग तालमी सुरू झाल्या. काकू भाताचा डाव माईकसारखा पुढे धरायच्या, पहारेकरीणबाई प्रश्न विचारायच्या. काका पहिल्या दिवशी "नमस्कार" पर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी "माझा मित्र" पर्यंत. पुढे मात्र त्यांची नजर डावाला चिकटलेल्या भाताच्या शितावर खिळली आणि शब्द संपले.

"दगडाला पाझर फुटेल, पण ह्यांना कंठ फुटायचा नाही!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. तरी त्यांनी तालमीवर तालमी चालू ठेवल्या. शेवटी आख्खी चार वाक्यं पाठ झाली, ती काका आंघोळ करताना भिंतीला बिनचूक म्हणून दाखवत.

चित्रीकरण कोर्टातच ठरलं, दुपारच्या सुट्टीत. दिग्दर्शिकेनं मुद्दाम खटल्याच्या तारखेचाच दिवस मागून घेतला होता. वऱ्हांड्यात पक्षकार, वकील, चहाचे पेले अशी खरी वर्दळ तिला हवी होती. काका इस्त्रीचा कोट घालून आले, खिशात पुस्तक. पहारेकरी तारीख म्हणून आलेच होते, आणि दोघी बायका पहिल्या रांगेचं तिकीट काढल्यासारख्या बाकावर बसल्या.

दिवे लागले. दिग्दर्शिका गोड मुलगी होती, हलक्या आवाजात म्हणाली, "काका, कॅमेऱ्याकडे बघू नका. माझ्याशी गप्पा मारल्यासारखं बोला."

गप्पा मारल्यासारखं! काकांनी स्वतःच्या लग्नातही गप्पा मारल्या नव्हत्या.

"नमस्कार," ते म्हणाले. मग ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं आपलं यंत्र तपासलं. काकू बाकावरून ओठांनी वाक्यं पुरवत होत्या. काकांनी घाम पुसला, "माझा मित्र..." म्हणाले, आणि पहारेकऱ्यांकडे पाहिलं. पहारेकरी मान डोलावत होते, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला लावावं तसे. ते पाहून काकांची उरलेली साडेतीन वाक्यं आतच राहिली.

"असू दे, काका," दिग्दर्शिका म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण तिनं तो सावरला.

काका पहारेकऱ्यांजवळ जाऊन बसले. "माफ कर रे. सगळी वाक्यं पाठ होती."

"माहीत आहे. तुमची न्हाणी आमच्या भिंतीला लागून आहे," पहारेकरी म्हणाले. "जाऊ दे. एवढी वर्षं गेली, आणखी थोडी."

त्यांनी ते हसून म्हटलं खरं, पण गुडघ्यावर हात चोळत म्हटलं, आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वऱ्हांड्याच्या टोकाला लगबग उडाली. वकिलांच्या खोलीचं दार उघडलं आणि साक्षात खुर्चीसम्राट बाहेर डोकावले. गालाला रंग लावलेला, रंग लागू नये म्हणून कॉलरमध्ये कागदी रुमाल खोचलेला, केस चापूनचोपून बसवलेले. आपली बाजू जगापुढे मांडायची संधी मिळतेय म्हटल्यावर ते मुलाखतीला आनंदानं तयार झाले होते. आज आपल्याच खटल्याची तारीख आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तारखा लक्षात ठेवायला त्यांनी माणसं ठेवली होती, आणि मुलाखतीचं त्या माणसांना सांगायचं राहून गेलं होतं.

"अगंबाई," पहारेकरीणबाई पुटपुटल्या, "हा तर चालतो!"

"चालतो काय, नाचेल म्हटलं तर," काकू म्हणाल्या.

पहारेकऱ्यांनी इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच पाहिलं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

दिग्दर्शिकेच्या डोक्यात एक कल्पना आली. "काका, बोलू नका. नुसतं पुकारा, पूर्वीसारखं. आणि साहेब, तुम्ही तिसऱ्या हाकेला तिकडून हळूहळू चालत या. विचारात गढल्यासारखे."

"चेहऱ्यावर दुःख ठेवू का?" खुर्चीसम्राटांनी विचारलं.

"थोडंसं चालेल."

"पूर्वी हे लोक काय म्हणायचे? हजर? मी 'हजर' म्हणतो. भारदस्त वाटेल." आणि ते दाराआड जाऊन उभे राहिले.

काका उठले. पुस्तकाच्या पानात बोट घातलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, बोट आपलं आपण गेलं. कोर्टाच्या दाराकडे पाठ केली, छाती भरून घेतली, आणि नाव पुकारलं.

दिव्याचा खांब थरथरला. ध्वनिमुद्रकानं कानावरचं यंत्र काढून फेकलं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून पेला निसटला. इतक्या दिवसांची सवय मोडलेली कबुतरं जिन्यावरून भर्रकन उडाली.

दुसरी हाक. वऱ्हांडा चिडीचूप. जुने वकील घास हातात धरून बाहेर आले. "अरे, भोंगा! भोंगा वाजला!"

तिसरी हाक काकांनी जरा लांबवली. त्या नावात त्यांनी सगळ्या कोऱ्या तारखा घातल्या, आपली न उमटलेली साडेतीन वाक्यं घातली, पहारेकऱ्यांचे गुडघेसुद्धा घातले.

"हजर!" खुर्चीसम्राट भारदस्त आवाजात म्हणाले, आणि दुःखी चेहऱ्यानं, कॉलरमधल्या कागदी रुमालासकट, संथ पावलं टाकत आले.

इथे चित्रीकरण संपायचं होतं. दिग्दर्शिका "कट" म्हणालीसुद्धा. पण भोंगाकाकांना अर्धा पुकारा करता यायचाच नाही. कुणी कधी तसा करायला सांगितलाच नव्हता. माणूस आला म्हणजे त्याला आत न्यायचं. त्यांचा एक हात दाराकडे गेला, दार उघडलं, दुसऱ्या हातानं त्यांनी खुर्चीसम्राटांना अदबीनं वाट दाखवली. खुर्चीसम्राटांना वाटलं, हाही प्रसंगाचाच भाग. ते आत शिरले. काका त्यांच्या मागून गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

"आरोपी हजर, साहेब!"

दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. न्यायाधीशबाई खुर्चीत बसून चष्मा पुसत होत्या. त्यांनी चष्मा लावला. समोर रंगवलेल्या गालांचा एक गृहस्थ. मग त्यांनी पुढ्यातला कागद उचलला.

"आपणच का ते?" त्यांनी नाव वाचलं.

"हो, मीच. कॅमेरा कुठे आहे?" खुर्चीसम्राट इकडेतिकडे पाहत म्हणाले.

"आज सकाळीच आपला अर्ज आलाय. पाठीचं दुखणं विकोपाला गेलंय, अंथरुणावरून उठता येत नाही, उभं राहिल्यास जिवाला धोका." बाईंनी कागद खाली ठेवला. "देवाची कृपाच म्हणायची."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. खुर्चीसम्राटांच्या गालांवरचा रंग तसाच राहिला, त्याच्या आतला मात्र उतरला. त्यांचा एक हात हळूच पाठीवर गेला.

"आता नको," बाई म्हणाल्या. "आता उशीर झाला."

तेवढ्यात त्यांचे वकील धापा टाकत आत आले, तोंडात घास, हनुवटीवर चटणी. त्यांनी काहीतरी हरकत घेतली, पण घासामुळे ती कुणालाच समजली नाही. ती गिळून पुन्हा घेईपर्यंत बाईंनी आरोपपत्र उघडलं होतं. आरोप वाचून दाखवला गेला. आरोप कबूल आहे का, असं विचारलं गेलं. खुर्चीसम्राट "नाही" म्हणाले, वकिलाकडे न बघता, स्वतःच्या तोंडानं. एवढ्याशा "नाही" साठी इतकी वर्षं कोर्ट ताटकळलं होतं. गाडी हलली.

"पुढच्या आठवड्यापासून साक्षी," बाई म्हणाल्या, "रोजच्या रोज. आणि आरोपींची पाठ आता आमच्या डॉक्टरांना दाखवायची." मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. काकांना आत्ता कुठे उमगलं होतं, की आपण काय करून बसलो. ते पुस्तक छातीशी धरून चोरासारखे उभे होते. "मी नवशिकी वकील होते तेव्हा ह्या आवाजानं दचकून माझे कागद पडायचे," बाई म्हणाल्या. "आजही पडले. बरं वाटलं."

बाहेर आल्यावर काका आधी दिग्दर्शिकेकडे गेले. "पोरी, तुझं चित्रीकरण बिघडवलं मी. चुकून झालं."

दिग्दर्शिका जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. तिनं नुसते हात जोडले.

"अहो!" काकू धावत आल्या. त्यांना काय बोलावं ते सुचेना, आणि हे त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "असं कुठल्याच भागात दाखवलं नव्हतं हो!"

पुढच्या आठवड्यात पहिली साक्ष पहारेकऱ्यांची होती. खुर्चीसम्राट आरोपीच्या जागी बसले होते, आपल्याच कारखान्याच्या एका कुरकुरणाऱ्या बाकावर, आणि सारखे चुळबुळत होते. बाहेर भिंतीवरच्या पडद्यावर नंबर उमटला आणि टिंग वाजलं.

पहारेकरी हलले नाहीत. सदरा पांढराशुभ्र, दाढी गुळगुळीत.

"अरे, तुझा नंबर आला," शेजारी बसलेले काका म्हणाले.

"घंटी वाजली म्हणून मी उठणार नाही. मी काय रिक्षा आहे?"

"अरे, बाई वाट बघतायत!"

"मग पुकार. इतकी वर्षं त्याचं नाव ऐकलं तुझ्या तोंडून. माझं एकदाही नाही."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. दाराशी उभ्या शिपायानं तोंड फिरवून घेतलं, म्हणजे त्याची हरकत नव्हती. काका उठले. पानात बोट घातलं. आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या आपल्या मित्राचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, त्यांनी असं काही पुकारलं की पहारेकरीणबाईंनी कानांवर हात ठेवले, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बसलेली कबुतरं पुन्हा एकदा उडाली.

"आलो रे बाबा, आलो!" पहारेकरी गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले. "ओरडतोस काय एवढा? जागाच आहे मी!"

आणि हसत हसत ते आत गेले.